कंपनीचा कार्बोरेटर घ्यावा की बाजारातला?

प्रश्न : माझ्याकडे २०११ ची पल्सर १५० आहे. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज नोकरीसाठी परभणीला जाणे-येणे असते आणि सुट्टीच्या दिवशी हीच गाडी शेतात जाते. पूर्वी लिटरला पन्नासच्या जवळपास अ‍ॅव्हरेज देणारी गाडी आता छत्तीस-सदतीसवर आली आहे. थंडीत सकाळी चोक ओढूनही लवकर सुरू होत नाही, उभी असताना पेट्रोलचा वास येतो आणि साठच्या पुढे अ‍ॅक्सिलरेटर कितीही पिळला तरी जोर लागत नाही. गावातल्या फिटरने कार्बोरेटर गेला म्हणून सांगितले. कंपनीचा कार्बोरेटर साडेतीन हजारांना पडेल असे कळले. तसाच दिसणारा ऑनलाइन नऊशेला मिळतो. संभाजीनगरचा मावसभाऊ म्हणतो, अठ्ठावीस मिलिमीटर तोंडाचा केहिन पीई कार्बोरेटर टाक, गाडी पळेल. मी काय करावे?
— जिंतूर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात गाडीची लक्षणे इतकी नीट नोंदवली आहेत की उत्तर बरेचसे त्यांतूनच मिळते. ते आधीच सांगतो. सध्या तिन्हींपैकी कोणताही कार्बोरेटर विकत घेऊ नका. आहे तो उघडून त्यातले झिजलेले भाग बदलून घ्या. त्यानंतरही मूळ बॉडीच झिजलेली आढळली, तरच नवा घ्या आणि तो कंपनीचाच घ्या. नऊशेचा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मावसभावाने सुचवलेला कार्बोरेटर वाईट नाही, परंतु तुमच्या गाडीचे आणि तुमच्या रस्त्याचे काम त्याच्याकडून होणार नाही.

साठच्या पुढे जोर न लागणे हे तुमच्या पत्रातले सर्वांत बोलके लक्षण आहे. कार्बोरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग. पल्सर १५० ला मिकुनी पद्धतीचा व्हॅक्युमवर, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारा कार्बोरेटर असतो. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरच्या आतला पिस्टन थेट वर ओढते. तुमच्या गाडीत तसे होत नाही. केबल फक्त एक झडप फिरवते, त्यामुळे इंजिनाची ओढ वाढते आणि त्या ओढीने वरच्या झाकणाखालचा रबरी डायफ्राम पिस्टनला उचलतो. पिस्टन उचलला की त्याला लागलेली निमुळती सुई, म्हणजे नीडल, वर येते आणि पेट्रोलची वाट मोकळी होते. या डायफ्रामला बारीक भोक पडले किंवा चीर गेली, तर ओढ त्या भोकातून निसटते आणि पिस्टन अर्ध्यावरच थांबतो. अशा वेळी तुम्ही मूठ पूर्ण पिळली तरी इंजिनाला त्याचा उपयोग होत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या गाडीत हे फार वेळा आढळते, आणि कित्येकदा याच एका रबरापायी अख्खा कार्बोरेटर बदलला जातो, याचे मला वाईट वाटते.

याची तपासणी तुमच्यासमोर करून घ्या. वरच्या झाकणाचे स्क्रू काढल्यावर पिस्टनसह डायफ्राम बाहेर येतो. तो उजेडासमोर धरून बोटांनी हलके ताणून गोल फिरवत पाहावा. भोक असेल तर प्रकाशाचा ठिपका दिसतो. रबर पिस्टनला जिथे जोडलेले असते त्या घडीत विशेष लक्ष द्यावे, कारण चीर बहुधा तिथूनच सुरू होते. फिटरला एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवा, की डायफ्राम पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरच्या फवाऱ्याने धुऊ नये. रबर फुगते, त्याची कड खाचेत बसत नाही, आणि तसेच दाबून झाकण लावले की चांगला डायफ्रामही तिथेच चेपून फाटतो. कोरड्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे असते.

पेट्रोलचा वास हे दुसरे लक्षण. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखण्यासाठी फ्लोट असतो आणि तो एका छोट्या सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. त्या सुईचे टोक झिजले किंवा तिथे कचरा अडकला की पातळी वर चढते, ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतात आणि इंजिनाकडेही गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाते. रात्री गाडी उभी करताना पेट्रोल कॉक बंद करून ठेवा. सकाळी वास कमी आला तर दोष इथेच आहे असे समजायला हरकत नाही. शिवाय ऑइलची पातळी पाहा आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो का तेही पाहा. येत असेल तर ऑइल आधी बदला, कारण पेट्रोल मिसळून पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवल्याने होणारे नुकसान कार्बोरेटरच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

आता अ‍ॅव्हरेजविषयी. तुम्ही बहुतेक वेळ गाडी चाळीस ते पन्नासच्या वेगाने, म्हणजे अर्धवट उघड्या अ‍ॅक्सिलरेटरवर चालवत असणार. त्या टप्प्यात पेट्रोल-हवेचे मिश्रण ठरवते ती नीडल आणि ती ज्या भोकात वरखाली होते तो नीडल जेट. जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे भोक असलेला छोटा पितळी भाग. मेन जेटचा अंमल बहुतांश मूठ पूर्ण उघडल्यावर, तर पायलट जेटचा स्लोला, म्हणजे मूठ न पिळता इंजिन चालू असताना, आणि त्याच्या थोड्या पुढे. विहिरीच्या काठाच्या दगडावर दोराने खाच पडते, तशी वर्षानुवर्षांच्या घासण्याने नीडल जेटच्या भोकाची गोलाई बिघडते आणि ते लांबट होते. ही झीज डोळ्यांना सहज दिसत नाही. जेट धुऊन, हवा मारून स्वच्छ झाला तरी भोक मोठेच राहते आणि पेट्रोल जास्त जातच राहते. ‘सर्व्हिसिंग केले, कार्बोरेटर साफ केला, तरी अ‍ॅव्हरेज वाढले नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बऱ्याच वेळा कारण हेच असते. नीडल आणि नीडल जेट ही जोडी एकत्रच बदलावी, एकट्या नीडलने काम होत नाही.

परंतु अ‍ॅव्हरेजचे सगळे खापर कार्बोरेटरवर फोडण्याआधी काही बाहेरच्या गोष्टी तपासून घ्या. तुमच्या गाडीला दोन स्पार्क प्लग आहेत. त्यांतला एक बंद पडला तरी गाडी चालते, फक्त पेट्रोल जास्त पिते आणि मंद होते. गॅरेजमध्ये हाताशी येणारा एकच प्लग काढून पाहिला जातो आणि दुसरा तसाच राहतो, असे अनेकदा घडते. म्हणून दोन्ही प्लग काढायला लावा. टोक तपकिरी असेल तर जळण ठीक आहे, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जात आहे आणि पांढरेफटक असेल तर कमी पडत आहे. एक प्लग तपकिरी आणि दुसरा ओला काळा निघाला, तर आधी त्या दुसऱ्या प्लगची कॅप आणि कॉइल तपासावी. चोकची केबल पूर्ण मागे जाते का, हेही पाहावे. थंडीत रोज चोक ओढला जातो आणि गंजलेली केबल अर्ध्यावर अडकली, की दिवसभर गाडी चोकवरच धावते. एअर फिल्टर, टॅपेट, चाकाला घासणारा ब्रेक आणि टायरमधली हवा यांबद्दल जास्त लिहीत नाही. ते कोणताही जाणता फिटर पाहीलच.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता सर्वत्र तेच मिळते. तुमची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज काही प्रमाणात कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी हा फरक तीन ते चार टक्क्यांचा धरला आहे. तुमच्या गाडीत तो दुप्पट झाला असे मानले, तरी पन्नासची गाडी सेहेचाळीसवर यावी. छत्तीसवर आलेल्या गाडीचा दोष पेट्रोलच्या माथी मारता येत नाही. मात्र सकाळी उशिरा सुरू होण्यात इथेनॉलचा वाटा असू शकतो. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, आणि परभणीचा पारा पाच अंशांच्या आसपास येतो अशा पहाटे ती उष्णता इंजिनात नसते. शिवाय जुनी ओरिंग आणि रबर इथेनॉलने कडक होतात किंवा फुगतात, म्हणून कार्बोरेटर उघडला की ती सगळी बदलून टाकावीत, जुनी पुन्हा बसवू नयेत. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि वाटीच्या तळाशी पांढरट थर धरू लागतो. पायलट जेटसारखी बारीक भोके बुजायला तेवढे पुरेसे असते.

काम करून घेताना आणखी दोन ठिकाणी तुमची नजर हवी. पहिले ठिकाण म्हणजे जेट. ते हवेने आणि क्लीनरने साफ करावेत, तारेने कधीही नाही. पितळ मऊ असते, क्लचच्या केबलची एक तार भोकात फिरवली की भोक रुंदावते आणि जेटवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. गॅरेजमध्ये ही तार सर्रास वापरली जाते आणि तीही चांगल्या हेतूनेच, म्हणून आधीच नम्रपणे सांगितलेले बरे. दुसरे ठिकाण म्हणजे मिश्रणाचा स्क्रू. तो इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल नियंत्रित करतो, म्हणजे बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढते. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा नियंत्रित करतो आणि तिथे नेमके उलट होते. तुमच्या कार्बोरेटरमध्ये तो इंजिनाच्या बाजूला आहे. स्प्लेंडर, शाइन, पल्सर अशा सगळ्या गाड्या दिवसभर हाताखालून जाणाऱ्या फिटरकडून घाईत उलट फिरवला जाऊ शकतो. हे सेटिंग इंजिन पूर्ण तापल्यावरच करावे, पाच-सात किलोमीटर गाडी चालवून आल्यावर.

बॉडी झिजली आहे हे कसे ओळखावे, तेही सांगतो, कारण नवा कार्बोरेटर घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरते. केबल जी झडप फिरवते तिचा दांडा दोन बोटांत धरून वरखाली आणि आडवा हलवून पाहावा. फिरणे सोडून तो इतर दिशेने खुळखुळत असेल तर तिथून बिनहिशेबी हवा आत शिरते आणि स्लो कधीच एका जागी ठरत नाही, आज लावला तर उद्या वाढतो. पिस्टन ज्या पोकळीत सरकतो तिच्या भिंतीवर नखाला लागतील असे ओरखडे असतील, किंवा जेट बसवायचे आटे गेले असतील, तरीही दुरुस्तीवर पैसे घालू नयेत. या दोषांना सुटे भाग नाहीत.

अशा वेळी साडेतीन हजारांचा कार्बोरेटर महाग वाटला तरी तोच घ्यावा. त्याचे एक ठोस कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या पल्सरमध्ये कार्बोरेटरचे काम पेट्रोल देण्यापुरते मर्यादित नाही. झडप किती उघडली आहे हे सीडीआयला, म्हणजे स्पार्कची वेळ ठरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला, कळवणारा सेन्सरही त्यावरच बसलेला असतो, आणि त्याच्या सांगण्यावरून स्पार्कची वेळ मागेपुढे होते. कंपनी आपल्या जाहिरातीत ट्रिक्स म्हणून ज्या यंत्रणेचा उल्लेख करत असे, ती हीच. बाहेरचा कार्बोरेटर बसवताना हे कनेक्शन बहुधा मोकळे सोडून टेपने गुंडाळले जाते. गाडी सुरू होते, फिरते, आणि फिटरला व मालकाला काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात स्पार्क आता मुठीचा अंदाज न घेता पडत असतो आणि ज्या अ‍ॅव्हरेजसाठी खर्च केला ते परत येत नाही.

कंपनीचा म्हणजे शोरूमच्या खोक्यातलाच, असे मात्र नाही. जपानच्या मिकुनीच्या तंत्रज्ञानावर चेन्नईच्या युकल कंपनीने बनवलेले कार्बोरेटर भारतात अनेक गाड्यांना मूळ भाग म्हणून गेले. तुमच्या सध्याच्या कार्बोरेटरच्या बॉडीवर कोणाचे नाव आहे ते पाहून घ्या. त्याच उत्पादकाचा, तुमच्याच मॉडेल आणि सालासाठीचा कार्बोरेटर स्पेअर पार्टच्या विश्वासू दुकानात पक्क्या बिलावर मिळाला, तर तो मूळचाच समजावा. परभणीत न मिळाल्यास संभाजीनगरहून मागवता येतो. जुना कार्बोरेटर काढून सोबत न्यावा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. सेन्सरची जागा, चोकची जागा, नळ्यांची तोंडे आणि जेटवरचे आकडे जुळले पाहिजेत. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर नव्या मोटारसायकली बहुतेक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या आहेत. त्यामुळे कार्बोरेटरच्या मूळ सुट्या भागांची उपलब्धता पुढे घटतच जाईल असा माझा अंदाज आहे. डायफ्राम आणि फ्लोटची सुई यांचा एक जादा संच घरात ठेवणे वाया जाणार नाही.

नऊशेच्या नकलेला माझा विरोध किमतीमुळे नाही. अशा कार्बोरेटरच्या जेटवर आकडा असतो, परंतु भोक त्या आकड्याचे असेलच याची खात्री नसते. चोकचा प्लंजर पूर्ण बसत नाही, ओतकाम खडबडीत असते आणि नीडलचा निमुळतेपणा मूळ नीडलसारखा असेलच असे नाही. नशिबाने पेट्रोल जास्त सोडणारा नग मिळाला, तर अ‍ॅव्हरेज आणखी खाली जाईल, एवढेच. कमी सोडणारा मिळाला तर धोका मोठा आहे, कारण मिश्रण पातळ झाले की इंजिन तापते आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत डबलसीट परभणी गाठताना व्हॉल्व्ह जळण्याची वेळ येऊ शकते. वीस टक्के इथेनॉलमुळे मिश्रण आधीच काहीसे पातळ झालेले असते, हेही इथे जमेस धरावे लागते.

मावसभावाच्या सल्ल्याचा विचार मी आदराने करतो, कारण पीई २८ हा खरोखर चांगला कार्बोरेटर आहे आणि शर्यतीच्या गाड्यांवर तो उगाच बसवला जात नाही. मात्र हिशोब पाहा. १४९ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सिलिंडर भरते. म्हणजे मिनिटाला ८००० फेऱ्यांवरही ते जास्तीत जास्त सहाशे लिटरच्या आसपासच हवा ओढू शकते. तेवढी हवा कंपनीचा सव्वीस मिलिमीटरचा कार्बोरेटर देतोच. कॅम, पोर्ट आणि सायलेन्सर यांत बदल केल्याशिवाय तोंड मोठे करून इंजिनाची भूक वाढत नाही. उलट मोठ्या तोंडात कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंदावतो, जेटमधून पेट्रोल नीट उचलले जात नाही आणि चौकातून निघताना गाडी अडखळते. तुमचे चालवणे याच कमी आणि मधल्या फेऱ्यांवरचे आहे. शिवाय व्हॅक्युमचा पिस्टन इंजिनाला लागेल तेवढाच उघडतो आणि घाईच्या हाताला आवर घालतो. पीई मध्ये हात सांगेल तेवढे लगेच उघडते, म्हणून पेट्रोलची बचत हातावर अवलंबून राहते.

याहून मोठी अडचण धुळीची आहे. पीई बसवल्यावर मूळ एअर फिल्टरच्या डब्याचे रबर बहुधा जुळत नाही आणि मग थेट कार्बोरेटरच्या तोंडावर जाळीचा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला जातो. शहरातल्या डांबरी रस्त्यावर काही काळ ते चालून जाते. तुमची गाडी मात्र शेतरस्त्याने जाते. उन्हाळ्यात काळ्या मातीची पिठासारखी धूळ उडते, आणि ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या मागे राहावे लागते तेव्हा समोरचे दिसत नाही. ती धूळ स्वस्त जाळीतून आत गेली की रिंग आणि सिलिंडर घासले जातात, आणि गाडी धूर मारू लागेपर्यंत हे कळतही नाही. एकवेळ कार्बोरेटर कोणताही लावा, पण फिल्टरचा मूळ डबा काढू देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. पीयूसीचाही प्रश्न आहेच. तुमच्या सालाच्या गाडीला धुरातील कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे आणि अंदाजाने जेट लावलेल्या मोठ्या कार्बोरेटरवर ती सहज ओलांडली जाते.

बाहेरचा कार्बोरेटर कधीच घेऊ नये असे मी म्हणत नाही. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ साली थांबले, तशा गाडीला चांगल्या स्थितीतला मूळ कार्बोरेटर मिळेनासा झाला तर नामांकित कंपनीचा बाहेरचा बसवून, वेगवेगळे जेट लावून पाहत त्याची सेटिंग करणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी जेटचा संच, जाणता माणूस आणि प्लग काढून रंग पाहण्याचा संयम लागतो. हंगाम बदलला की पुन्हा पाहावे लागते. हिवाळ्यातल्या पाच अंशांच्या पहाटेपेक्षा उन्हाळ्यातल्या त्रेचाळीस अंशांच्या दुपारी हवा सुमारे बारा टक्क्यांनी विरळ असते आणि त्याच जेटवर मिश्रण पाच-सहा टक्क्यांनी गडद होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते. कंपनीने हा फरक गृहीत धरून मधले माप निवडलेले असते. नव्या कार्बोरेटरवर ते माप आपले आपल्याला शोधावे लागते. रोज नोकरीवर वेळेत पोहोचायचे असलेल्या माणसाने हे घरातल्या एकुलत्या एका गाडीवर करू नये.

तेव्हा क्रम असा ठेवा. दोन्ही प्लग, चोकची केबल आणि एअर फिल्टर आधी पाहून घ्या. मग पिस्टनसह डायफ्राम, नीडल व नीडल जेटची जोडी, फ्लोटची सुई आणि सगळी ओरिंग मूळ प्रतीची बदलून घ्या. त्याच वेळी दांड्याची झीज तपासून घ्या. दांडा खुळखुळत असेल तर हे भाग न घेता सरळ मूळ कार्बोरेटर घ्या. काम झाल्यावर अ‍ॅव्हरेज काट्यावरून किंवा अंदाजाने ठरवू नका. एकाच पंपावर टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, दीड-दोनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा फुल करून भागाकार करा. असे दोनदा करा. आकडा चव्वेचाळीसच्या वर आला तर आजच्या पेट्रोलवर तुमची गाडी ठीक आहे. चाळीसच्या आतच राहिला तर कार्बोरेटरवर आणखी एक रुपयाही खर्च न करता इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि त्याचा आकडा मला कळवा.